बिनशेपटीचा ठिपका

सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी भाग मोजले. अठ्ठेचाळीस.

"पुन्हा मोजताय?" अनसूया स्वयंपाकघरातून म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं माळ्यावर होते, तिथून नाही पळाले. आता कुठं जाणारेत?"

"दोनदा मोजल्याशिवाय नोंद करायची नसते."

"करा नोंद. पोहे गार झाले की त्यांचीही करा."

सिडकोतल्या आमच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून माळा रिकामा केला, आणि मागच्या कोपऱ्यात ते खोके सापडले. चोवीसास एक प्रमाणाची प्लॅस्टिकची मोटार, एकूण भाग एकशे बारा. चौसष्ट जोडलेले, उरलेले आपापल्या चौकटींत तसेच. डॉक्टरांनी रक्तदाब पाहून सांगितले होते, "गायधनी काका, हात गुंतेल आणि डोकं शांत राहील असं काहीतरी करा." मोटार पूर्ण करणे हे त्या वर्णनात चोख बसत होते. हात किंचित थरथरतो आणि मोतीबिंदू काढलेला डोळा लवकर थकतो, म्हणून मी ठरवले : रोज एकच भाग. सकाळी दहा वीसला बसायचे, भाग चौकटीतून कापायचा, पॉलिश पेपरने कड घासायची, रंगवायचा, सोल्यूशन लावून जोडायचा, साडेअकराला गाडी काचेच्या कपाटात ठेवायची. दुपारी चार वाजता, चहाच्या आधी, सांधा पक्का बसला की नाही ते तपासायचे.

पहिल्या दिवशी चार वाजता मी गाडी उलटी केली. सकाळी जोडलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक हिरवा ठिपका होता. व्यास सुमारे दीड मिलिमीटर, वाळलेला.

जुना असेल, असे वाटले. पण सकाळी मी तो भाग चारही अंगांनी घासला होता.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भागावर दुसरा ठिपका. तिसऱ्या दिवशी तिसरा. त्या दिवशी मी भिंग घेऊन खिडकीपाशी गेलो आणि तो नीट पाहिला. पूर्ण गोल, कडा स्वच्छ, मध्ये किंचित फुगीर. भिंग खाली ठेवले आणि खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरडया वाळत घालत होते.

तो ठिपका मला ओळखीचा होता.

*

नाशिकच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर मी छत्तीस वर्षे एकाच कारखान्यात तपासनीस म्हणून काम केले. मोटारींच्या स्टिअरिंगला लागणारे सांधे आम्ही बनवत असू. यंत्रावरून उतरलेल्या प्रत्येक जॉबच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालायचे. गेजचे एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन्ही गोष्टी जमल्या, की जॉबवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. प्रत्येक तपासनिसाचा रंग वेगळा. ठिपका म्हणजे सही. ठिपक्याशिवाय जॉब गाडीत चढत नसे, आणि पुढे काही निघाले तर रंग पाहून माणूस कळत असे.

माझा रंग पिवळा होता. शेजारच्या टेबलावर फकिरा देवरे बसे, त्याचा हिरवा.

फकिरा सटाण्याकडचा. फिटर म्हणून लागला आणि हाताच्या जोरावर तपासनीस झाला. ठिपका देताना तो कुंचला उचलताना एक झटका देई, त्यामुळे त्याच्या ठिपक्याला बारीकशी शेपटी येई. मी त्याला म्हणे, "फकिरा, ठिपका म्हणजे ठिपका. हे बेडकाचं पिल्लू कशाला काढतोस?" तो हसे. "भाऊ, तुमना ठिपका ठिपका शे. मना ठिपका चालत जास."

१९९५ साली जपानहून यंत्र उभारायला आलेला एक इंजिनिअर जाताना आम्हा दोघांना एकसारखी दोन खोकी देऊन गेला. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला, की गेजच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसून मोटार जोडत असू. नियम फकिराचा : "तुम्ही एक, मी एक. कोन्ही पुढे जावाना नही." म्हणून दोन्ही गाड्या एकाच भागावर असत. चौसष्टाव्या भागावर त्या दोन्ही थांबल्या.

शनिवार, २३ मार्च १९९६. फकिराच्या शेतात कांदा काढायला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. हजेरी लावून तो अकरा वाजता माझ्यापाशी आला. बाहेर जायचा पास मागितला तर साहेब देणार नव्हते. मीच म्हणालो, "जा तू मागच्या फाटकानं. मी बघतो."

साडेतीनला माल न्यायला गाडी आली. फकिराच्या टेबलावर अठ्ठेचाळीस जॉब तपासायचे राहिले होते. लॉटचे कार्ड फकिराच्या नावावर होते. एका लॉटमध्ये दोन रंग आले तर नवे कार्ड, पुन्हा तपासणी, आणि फकिरा कुठे आहे हा प्रश्न. गाडीवाला भोंगा वाजवत होता. त्या महिन्यात माझ्या बढतीचा कागद वर गेला होता. मी फकिराचा हिरवा कुंचला उचलला आणि अठ्ठेचाळीस ठिपके दिले. सहा मिनिटे लागली. गेज एकालाही लावले नाही.

ठिपके मात्र फार नीट दिले. गोल. एकालाही शेपटी नव्हती.

तीन आठवड्यांनी लॉट परत आला. भोके मोठी होती. कुणाला इजा झाली नाही. एक माणूस कामावरून गेला, एवढेच. चौकशीत साहेबांनी त्यातला एक जॉब फकिराच्या तळहातावर ठेवला. त्याने तो उजेडात धरून पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. साहेबांनी विचारले, "हा ठिपका कुणाचा?"

"रंग हिरवा शे, साहेब," तो म्हणाला. "हिरवा मनाच शे."

"गायधनी, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

त्याने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. गेज आत घातल्यावर ते कुठवर जाते हे आपण पाहतो, तसे.

आणि आता माझ्या घरात, माझ्या काचेच्या कपाटात, रोज एक हिरवा ठिपका उमटत होता. त्याला शेपटी नव्हती. फकिरा येऊन ठिपके देत होता असे असते, तर मला कदाचित इतकी भीती वाटली नसती. हे ठिपके माझ्याच हातचे होते.

*

भीती वाटली तरी पद्धत सोडता येत नाही. प्रथम रंग तपासला. खोक्यात हिरव्या रंगाची एक जुनी बाटली होती. झाकण पक्कड लावून फोडावे लागले. आत रंगाचा खडा झाला होता, टाचणीही रुतेना. मेन रोडवरून मी नवे रंग आणले होते ते निळा, काळा आणि दिव्यांसाठी पिवळा. हिरवा घरात नव्हता.

मग हात तपासला. मीच झोपेत उठून हे करतो का? सोमवारी, १२ तारखेला, आठवा भाग जोडून मी कपाटाला कुलूप लावले, दारावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आडवी सही केली आणि किल्ली अनसूयेकडे दिली.

"यात सोनं ठेवलंय का?" तिने विचारले.

"चार वाजेपर्यंत मी मागितली तरी देऊ नकोस."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा किल्ली दिलीत, ती पण असली!" म्हणत तिने ती कमरेला खोचली.

चारला पट्टी अखंड होती. कुलूप अनसूयेने उघडले. आठव्या भागावर ठिपका होता. तिने गाडी हातात घेऊन फिरवली आणि हसली. "अहो, हिला कांजिण्या झाल्यात की काय? एवढे हिरवे ठिपके कशाला दिलेत?"

म्हणजे तिलाही दिसत होते. डोळ्याचा दोष नव्हता.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिल टेकवून मोजत गेलो. रोज एक याप्रमाणे अठ्ठेचाळिसावा भाग २३ मार्चला येत होता. वार शनिवार. माझे काम थांबवणे माझ्या हातात होते. पण अपुरा लॉट टेबलावर ठेवून उठायची मला सवय नव्हती, आणि थांबलो तर ठिपके थांबतील याची खात्री नव्हती. थांबून पाहायचे धैर्य झाले नाही. रोज दहा वीसला बसत राहिलो. गाडी सुंदर होत होती. आरसे, दिवे, जाळी, आसने. थरथरणारा हात त्या एका तासात आश्चर्य वाटावे इतका स्थिर राही. पंचेचाळिसाव्या वर्षी होता तितका.

शुक्रवारी, १५ मार्चला चार वाजता अनसूयाच कपाटाकडे गेली. कांजिण्या मोजायचा तिला छंद लागला होता. "आज चाळीस ना?" असे म्हणत तिने गाडी उलटी केली. मग आपले बोट माझ्यासमोर धरले.

बोटावर हिरवा रंग लागला होता.

"ओला आहे," ती म्हणाली. "तुम्ही तर आत्ता माझ्यासमोर झोपून उठलात."

मी तिला ती दगड झालेली बाटली दाखवली. तिने ती टेबलावर आपटून पाहिली. गाडी मात्र तिने पुन्हा हातात घेतली नाही; पदराने धरून कपाटात ठेवली.

"हा कुणाचा रंग आहे?"

"फकिराचा."

"फकिराभाऊंचा? दरवर्षी कांद्याचं पोतं आणायचे ते?"

"रंग त्याचा. ठिपके माझे."

मग मी सगळे सांगितले. अकरा मिनिटे लागली असतील. इतक्या वर्षांत हे वाक्य कसे सुरू करायचे हेच मला उमगले नव्हते, आणि सुरू झाल्यावर त्यात फारसे काही नव्हते. चहा उकळून पातेल्याबाहेर गेला. अनसूयेने उठून गॅस बंद केला आणि पाठमोरीच उभी राहिली.

"मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "फकिराभाऊ यायचे का बंद झाले म्हणून. तुम्ही म्हणालात, त्यांनी शेती धरली."

"हो."

"बढतीचे पेढे मी अख्ख्या गल्लीत वाटले."

"हो."

"मग आता मला सांगून काय उपयोग? माझी नोकरी गेली होती का?" ती वळली. "किती उरलेत?"

"आठ."

"आठ झाल्यावर काय होणार?"

"माहीत नाही."

"त्या आधी जा," ती म्हणाली.

मी आधी गेलो नाही. गेलो ते तेवीस मार्चलाच. सत्तेचाळीस भाग जोडून झाले, सत्तेचाळीस ठिपके उमटले. माहितीपत्रकाप्रमाणे शेवटी जोडायचा भाग स्टिअरिंगचे चाक होता. ते मी कागदाच्या पुडीत बांधले. गाडी खोक्यात ठेवली, सोल्यूशन, रंग, कुंचला, चिमटा बरोबर घेतला. कारखान्यातल्या तपासणी अहवालाचे कोरे फॉर्म माझ्या फाइलमध्ये अजून होते. त्यांतला एक भरला. त्याची प्रत कारखान्याला पाठवता येण्यासारखी नव्हती. तिथे आता गोदाम आहे.

*

शनिवारी सकाळी ठक्कर बाजारातून सटाण्याची बस धरली. खोके मांडीवर होते. चांदवड सोडल्यावर देवळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना कांदा काढायचे काम चालू होते. खिडकीतून तोच वास येत होता. शेजारच्या माणसाने विचारले, "नातवाले का?" मी हो म्हणालो.

फकिराचे घर गावाबाहेर, कांद्याच्या चाळीला लागून होते. दारात त्याची बायको चतुराबाई कांदे निवडत बसली होती. मी तिला दोनदाच पाहिले होते, तिने मला बहुधा एकदाच. मी नाव सांगितले. तिचे हात थांबले नाहीत.

"गायधनीभाऊ," ती म्हणाली. "पिवळावाला."

"हो."

"त्यो तर नही शे आते. तेरा वरीस झायात."

मला हे ठाऊक नव्हते. म्हणजे, विचारले नव्हते. आत भिंतीवर फोटो होता. तिने पाणी दिले. मी खुर्चीवर न बसता उभ्यानेच फॉर्म काढला आणि म्हणालो, "वहिनी, एक कागद वाचायचा आहे. ऐकून घ्या. मग घालवायचं असेल तर घालवा."

"वाचा."

मी वाचले. "दिनांक तेवीस मार्च एकोणीसशे शहाण्णव. लॉटमधील जॉब, अठ्ठेचाळीस. गेज लावलेले, शून्य. ठिपके देणारा, ढुंढिराज गायधनी. वापरलेला रंग, फकिरा देवरे यांचा. त्या वेळी फकिरा देवरे कामावर नव्हते. त्यांना मीच घरी पाठवले होते. दोष संपूर्ण माझा. सही."

बाहेर कुठेतरी पंप चालू होता. त्याचा आवाज मध्येच तुटून पुन्हा लागत होता.

"नाशिक इठून कितलं लांब शे, भाऊ?" चतुराबाईने विचारले.

"ब्याण्णव किलोमीटर."

"ब्याण्णव." तिने मान हलवली. "अठ्ठावीस वरीस लागनात तुमले. त्यो पंप दुरुस्त करे गावोगाव. कितला चांगला करे! तरी लोक म्हनेत, कंपनीनी हाकलेल मानूस शे, नीट पाहून घ्या. आमना पोऱ्या दीपकना लगनना बैठकमा बी तेच काढं. मान खाली घालीसन बसना त्यो."

बोलण्याजोगे सगळे कागदावर होते.

तिने हात पुढे केला. कागद घेतला, उलटसुलट पाहिला. "सही शे ना यावर?"

"आहे."

"मी दीपकले देसू. त्यो समदा गावले वाची दाखाडी. पारवर."

"वाचू द्या."

"तुमनं नाव घीसन."

"नाव त्यासाठीच लिहिलं आहे, वहिनी."

तिने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. मग उठून आतल्या खोलीत गेली. पेटीचे झाकण वाजले. परत आली तेव्हा तिच्या हातात पत्र्याचा चौकोनी डबा होता.

"त्याले समदं माहीत व्हतं," ती म्हणाली. "माले कधी सांगं नही. मरानं वरीस हाऊ डबा दिन्हा आनि म्हने, नाशिकथून कोन्ही येई तर हाऊ देजो. मी ईचारं, कोन येई? बोलना नही. नही उनं कोन्ही तर? म्हने, मंग राहू दे पेटीमा."

डब्यात निळी मोटार होती. माझ्या मोटारीची जुळी. इतकी स्वच्छ जोडलेली, की सांधे बोटाला लागत नव्हते. मी माझी गाडी खोक्यातून काढून तिच्याशेजारी ठेवली. दोन्हींत एकच गोष्ट नव्हती. चालकाच्या समोरची दांडी रिकामी होती.

मी फकिराची गाडी उलटी केली.

पहिल्या चौसष्ट भागांवर काही नव्हते. पुढच्या प्रत्येक भागावर, वळवून पाहिले तर दिसेल अशा जागी, पिवळा ठिपका होता. माझा रंग. आणि प्रत्येक ठिपक्याला बारीकशी शेपटी होती.

मी भिंग काढले आणि मोजले. मग पुन्हा मोजले. दोन्ही वेळा सत्तेचाळीस.

डब्याच्या तळाशी प्लॅस्टिकची लहान पिशवी होती. तिच्यात स्टिअरिंगचे चाक. चौकटीतून कापलेले, कडा घासलेले, काळे रंगवलेले. ठिपका नव्हता.

"यावर काही नही लावं त्यानी," चतुराबाई म्हणाली. "मी म्हनं, हाई राही गयं. म्हने, हाई मनं नही शे."

मी तिची परवानगी विचारली. तिने जमिनीवर बसायला चटई टाकली आणि दिवा लावला, दुपारचे एक वाजले होते तरी. प्रथम पुडी सोडून माझे चाक माझ्या गाडीला बसवले. त्यावर काही उमटते का हे पाहण्यासाठी थांबलो नाही. मग फकिराचे चाक चिमट्यात धरले, सोल्यूशनचा थेंब दिला आणि ते दांडीवर ठेवून शंभरपर्यंत मोजले. सरळ बसले. खिशातले गेज काढावे तसा हात उगाच खिशाकडे गेला.

पिवळ्या रंगाची बाटली उघडली. नवा कुंचला बुडवला. चाकाच्या मागच्या बाजूला, फकिराने मोकळी सोडलेल्या जागी, ठिपका दिला. कुंचला उचलताना हात थरथरला आणि ठिपक्याला शेपटी आली.

ती मी पुसली नाही.

"झायं का?" चतुराबाईने विचारले.

"एकदा मोजतो," मी म्हणालो.

अठ्ठेचाळीस.